मोजणाऱ्याचे देणे

19 ऑक्टोबर 1882 रोजी जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे एक निवेदन सादर केले. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावर तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या मुलांसाठी, हा त्याचा गाभा. पण फुले तक्रार करून थांबले नाहीत. प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत सक्तीचे करावे, शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि शक्य तितके शेतकरी वर्गातून यावेत, त्यांचा पगार 12 रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत तो 15 ते 20 रुपये असावा, असे त्यांनी एकेक करून लिहून दिले. स्वतः शाळा चालवलेल्या माणसाचे ते म्हणणे होते. पैसा कुणाचा, तो जातो कुठे, त्यातून भले कुणाचे होते, आणि हे बदलायचे तर नेमके काय करावे? सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासातले सगळे मूळ प्रश्न त्या निवेदनात आहेत.

असे असूनही धोरणविषयक संशोधन म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे दिल्लीतले एखादे दालन, जाडजूड इंग्रजी अहवाल आणि त्यांवर बोलणारी चार-दोन जाणकार मंडळी येतात. प्रत्यक्षात हा विषय आपल्या उंबरठ्याच्या आतला आहे. रेशन दुकानात कार्डावर किती धान्य मिळणार, कालव्याचे आवर्तन कधी सुटणार, अंगणवाडीतल्या कोणत्या मुलाला कुपोषित म्हणणार, डोंगरात खाणीला परवानगी द्यायची की नाही, हे सगळे कुणीतरी ठरवते आणि ठरवताना काही आकडे धरून ठरवते. आकडा चुकला की निर्णय चुकतो. त्याचा भुर्दंड बसतो तो ज्याने तो आकडा कधी पाहिलाही नाही अशा माणसाला. म्हणून या पुस्तकाच्या आरंभी मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. संशोधकाने लोकांना मोजले की तो त्यांचा देणेकरी होतो. जे मोजले ते त्यांना कळेल अशा भाषेत त्यांच्यापुढे ठेवणे, आणि ते तपासण्याची, प्रसंगी खोडून काढण्याची संधी त्यांना देणे, हे ते देणे आहे. महाराष्ट्रात ते जिथे फेडले गेले तिथे धोरण बदलले. जिथे ते थकले तिथे चांगले अहवालही कपाटात पडून राहिले.

या राज्यात गावे मोजण्याची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास 1917 साली प्रसिद्ध केला. आज तिथे उंच इमारती आणि मॉल आहेत. तेव्हा ते दख्खनमधले एक साधे शेतकरी गाव होते. मान यांनी जुनी दप्तरे धुंडाळून दाखवले की 1771 साली या गावात सरासरी 40 एकरांची असलेली जमिनीची धारणा 1915 च्या सुमारास 7 एकरांवर आली होती, आणि तीही एका ठिकाणी नव्हे, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली. अशा आकड्यांवरून एक उपाय सहज सुचतो: तुकडे एकत्र करा, धारणा मोठी करा. त्या काळात तशा योजना आणि विधेयकांची चर्चा जोरात होती.

1918 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान धारणांवर एक निबंध लिहिला आणि या उपायाच्या मुळाशीच हात घातला. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तिच्यावर किती भांडवल लागते आणि किती हात राबतात, यावर ते ठरते. भांडवल अपुरे आणि राबणारे हात गरजेपेक्षा जास्त असतील तर सात एकरही शेतकऱ्याला जड जातात. अशा वेळी नुसते एकत्रीकरण केले तर जमिनीवरून उठवलेली माणसे जाणार कुठे? म्हणून जादा हातांना काम देणारे उद्योग उभे करणे हा शेतीच्या दुखण्यावरचाही खरा इलाज आहे, असे त्यांनी मांडले. तुकडे झाले आहेत ही वस्तुस्थिती दोन्ही बाजूंना मान्य होती. कारण वेगळे धरले आणि धोरण उलट दिशेला गेले. मोजणी हा अभ्यासाचा अर्धा भाग आहे. आकड्यामागचे कारण शोधणे हा उरलेला अर्धा. या दुसऱ्या भागात संशोधकाची दृष्टी कामाला येते, आणि ती कुठल्या समाजात, कुठल्या अनुभवात घडली याला मोल असते.

1930 साली रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने पुण्यात गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था सुरू केली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. या संस्थेने मराठी मुलखाला पाहणीची शिस्त लावली. पुण्यातला फळबाजार, वाई तालुक्यातली शेती, पुणे शहरातली कुटुंबे, असे विषय घेऊन तिचे अन्वेषक घरोघर आणि बांधोबांध फिरले. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या परिणामांचा त्यांचा अहवाल 1948 सालचा. इंग्रजी अमदानीत कालवा यशस्वी की अयशस्वी हे ठरे ते पाणीपट्टीतून तिजोरीत किती पैसे परत आले यावर. गाडगिळांनी विचारले ते वेगळे: कालव्याने शेतकऱ्याचे उत्पन्न किती वाढले, मजुराला किती दिवस जास्त काम मिळाले, बाजारपेठेत उलाढाल किती झाली? प्रश्न बदलताच कालव्याचा अर्थ बदलला. पुढे त्याच प्रवरेच्या काठी, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा अर्थशास्त्राचा हा प्राध्यापक त्याचा अध्यक्ष झाला. अभ्यास आणि कृती यांच्यातले अंतर इतके कमी असू शकते, हे त्या पिढीने दाखवून दिले.

याच संस्थेतून 1971 साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा ग्रंथ आला. माणशी रोज 2250 कॅलरी मिळतील एवढा आहार ज्याला परवडतो, त्याच्या एकूण खर्चाची मर्यादा त्यांनी 1960-61 च्या किमतींनुसार ग्रामीण भागात वर्षाला माणशी 180 रुपये आणि शहरात 270 रुपये धरली. त्या रेषेखाली सुमारे 40 टक्के ग्रामीण आणि 50 टक्के शहरी जनता होती. पुण्यातच राहणाऱ्या संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी या पद्धतीवर हरकत घेतली. सरासरी गरज ही प्रत्येक माणसाची किमान गरज मानता येत नाही. माणसामाणसांत तर फरक असतोच, पण एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेत जुळवून घेते, त्यामुळे सरासरीखालच्या सगळ्यांना उपाशी म्हटले तर आकडा फुगतो, असा त्यांचा मुद्दा होता. हा वाद वर्षानुवर्षे चालला. तो चालू शकला, कारण दोन्ही बाजूंनी आपला सगळा हिशेब उघड्यावर मांडला होता. दांडेकर-रथ यांच्या अभ्यासाला फोर्ड फाउंडेशनने पैसा दिला हेही उघड होते. ज्या अहवालात गृहीतके, पद्धत आणि पैशाचा स्रोत लिहिलेला नसतो त्याच्याशी वाद घालता येत नाही. त्यावर फक्त विश्वास ठेवावा लागतो किंवा तो फेकून द्यावा लागतो. दोन्हींतून लोकांच्या हाती काही लागत नाही.

त्या ग्रंथानंतर वर्षभरातच महाराष्ट्रावर 1972 चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना खडी फोडणाऱ्या बायका, मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि सुकडी अजून आठवते. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर एका वेळी सुमारे 50 लाख माणसे राबत होती. एवढ्या मोठ्या प्रमाणावर काम देता आले, कारण त्यामागची कल्पना आधीच तयार होती. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात करून पाहिली होती. मागेल त्याला काम, हे तिचे सूत्र. 1972 मध्ये ती राज्याची योजना झाली, 1977 मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर 15 दिवसांत ते मिळाले नाही तर बेकारभत्ता देण्याचे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतले. पैसा उभा राहिला तो मुख्यतः शहरी नोकरदारांच्या आणि व्यावसायिकांच्या व्यवसाय करातून आणि त्याला सरकारने घातलेल्या जोडीतून. ग्रामीण मजुरासाठी मुंबई-पुण्याच्या पगारदाराने दरमहा काही रुपये द्यावेत, हे तेव्हा या राज्याने मान्य केले ही मोठी गोष्ट आहे. 2005 साली संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला त्याचे मूळ इथे आहे.

या योजनेचे भाग्य असे की तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच तिची कसून तपासणी केली. कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी 1980 मध्ये तिचा अभ्यास मांडला. पुढे कुमुदिनी दांडेकरांनी स्त्रियांच्या बाजूने तिच्याकडे पाहिले. घराजवळ काम, खणलेल्या मातीच्या मापाप्रमाणे पुरुषाइतकाच दर आणि मस्टरवर स्वतःचे नाव, यामुळे शेतमजूर बायका या कामांवर मोठ्या संख्येने येत होत्या. 1988 मध्ये मजुरीचे दर सुमारे दुप्पट झाले आणि त्यानंतर कामाचे दिवस घटले. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी आकडेवारी तपासून दाखवले की काम मागणारे कमी झाले नव्हते. दर वाढल्यावर सरकारने काम देणे आखडते घेतले होते. कागदावर हमी तशीच होती, पण मजुराला परत जावे लागत होते. योजना चांगली आहे एवढे म्हणून थांबलो असतो, तर हे कळलेच नसते.

मजुरीच्या दराचीच आणखी एक कथा आहे, आणि ती या प्रस्तावनेच्या मध्यभागी असायला हवी. पागे यांच्याच अध्यक्षतेखालच्या एका समितीने शेतमजुराची किमान मजुरी दिवसाला 4 रुपये सुचवली होती. वर्धा जिल्ह्यातल्या कान्हापूर गावात काम करणारे तरुण डॉक्टर अभय बंग यांनी त्या आकड्यामागचा हिशेब उलगडला. मजुराच्या कुटुंबाला किती अन्न लागते याचे गणितच त्यात चुकले होते. वैद्यकशास्त्राच्या आधाराने त्यांनी ते पुन्हा मांडले आणि मजुरी 12 रुपये हवी असे दाखवले. मजुरांच्या संघटनांच्या हाती तो हिशेब गेला आणि सरकारला दर वाढवावे लागले. पागे यांची नियत संशयातीत होती; रोजगार हमीचे जनक म्हणून हे राज्य त्यांचे ऋणी आहे. पण नियत कितीही चांगली असली तरी हिशेब तपासावाच लागतो, आणि तो ज्यांच्या पोटाशी संबंधित आहे त्यांच्या हाती पडला तरच दुरुस्त होतो.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग पुढे गडचिरोलीला गेले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. राणीताईंनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी करून काढलेले निष्कर्ष 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के होत्या. तोवर सरकारी आरोग्यसेवेच्या लेखी ग्रामीण बाई म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. तिचे उरलेले सगळे दुखणे कुठल्याच रकान्यात बसत नव्हते आणि म्हणून सरकारच्या लेखी ते अस्तित्वातच नव्हते. ज्याचा रकाना नाही त्याच्यासाठी औषध येत नाही, नर्स येत नाही, पैसाही येत नाही.

गडचिरोलीतले एक साधन मी अनेकदा विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. तान्ह्या बाळाला साधा खोकला आहे की न्यूमोनिया, हे ओळखायला त्याचे एका मिनिटातले श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांखालच्या बाळात ते 60 किंवा जास्त, त्याहून मोठ्या बाळात 50 किंवा जास्त असतील तर धोका. पण गावातली दाई निरक्षर. तिला दहापर्यंत मोजता येते. साठपर्यंत मोजताना तिचा गोंधळ होतो आणि घड्याळाचा काटा वाचता येत नाही. मग तिच्यासाठी एक चौकट तयार झाली. तिच्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. वरची ओळ लहानग्यांसाठी: पाच हिरवे मणी आणि शेवटी एक लाल. खालची मोठ्या बाळांसाठी: चार हिरवे आणि एक लाल. वाळूचे घड्याळ उलटे करायचे, बाळाच्या पोटाकडे पाहत श्वास मोजायचे, दहा झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. जागतिक आरोग्य शास्त्राचा निकष एका निरक्षर बाईच्या बोटांवर आणून ठेवणे, याला मी उत्तम धोरणसंशोधन म्हणतो. ज्ञान सोपे करताना त्याची अचूकता कमी झाली नाही. उलट ते जिथे लागते तिथे पोचले.

याच वाटेने नवजात बाळांचा प्रश्न पुढे गेला. 39 गावांतल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरीच नवजाताची काळजी घेतली गेली, आणि 47 गावे तुलनेसाठी पाहिली गेली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले होते. 1999 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 2001 मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने राज्यातले कितीतरी बालमृत्यू सरकारी दप्तरात नोंदलेच जात नाहीत हे मराठीतून मांडले. वर्तमानपत्रांनी, विधिमंडळाने, न्यायालयाने दखल घेतली. अखेर 2011 मध्ये केंद्र सरकारने घरच्या घरी नवजाताची काळजी हा कार्यक्रम आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेला. इथे ते देणे पुरेपूर फेडले गेले. बाळे गावाची, मोजणाऱ्या बाया गावच्या, उपचार गावात, आणि अहवाल गावाच्या भाषेत.

आता ते देणे थकले त्या ठिकाणाकडे वळू. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्च 2010 मध्ये पश्चिम घाटासाठी एक तज्ज्ञ समिती नेमली. अध्यक्ष होते माधव गाडगीळ, ज्यांचा उल्लेख वर आला त्या धनंजयरावांचे चिरंजीव. 31 ऑगस्ट 2011 रोजी समितीने अहवाल दिला. गुजरातच्या डांगपासून कन्याकुमारीपर्यंतचा डोंगरपट्टा तीन श्रेणींत विभागून कुठे काय चालावे, काय टाळावे याची मांडणी त्यात होती. आणि ती अंतिम न मानता ग्रामसभांनी तिच्यावर चर्चा करून ती ठरवावी, असे समितीचे म्हणणे होते. सिंधुदुर्गातल्या सावंतवाडी-दोडामार्ग भागातल्या 25 गावांच्या ग्रामसभांनी तर आमचे क्षेत्र संवेदनशील म्हणून घोषित करा, असे ठराव केले होते. पर्यावरण म्हणजे शहरी लोकांची हौस आणि विकास म्हणजे गावाची गरज, ही समजूत त्या ठरावांनीच खोटी ठरवली.

मंत्रालयाने हा अहवाल दडवून ठेवला. माहितीच्या अधिकारात आदेश निघून दिल्ली उच्च न्यायालयाने तो कायम केल्यावर, मे 2012 मध्ये अहवाल लोकांपुढे आला. आला तोही इंग्रजीत, आणि सरकारी यंत्रणेने तो गावोगाव पोचवला नाही. मधल्या काळात कोकणात आणि केरळात अफवांनी जागा घेतली: घरे बांधता येणार नाहीत, शेती बंद होईल, माणसे उठवली जातील. अहवालातही उणिवा होत्या. नकाशे सुमारे 9 किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांवर आखलेले, आणि श्रेणी तालुक्याला लावलेली. अशा एका चौकोनात देवराईही येते आणि भरलेली बाजारपेठही. गावकऱ्यांना तो वाचता आला असता तर या उणिवा त्यांनीच दाखवल्या असत्या; कुठली रेघ चुकली हे त्या वाटेवरून रोज जाणाऱ्याइतके कुणाला ठाऊक असणार? तसे न होता 2013 मध्ये कस्तुरीरंगन समितीचा दुसरा अहवाल आला, आणि 2014 पासून संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या मसुदा अधिसूचना निघत आणि मुदत संपून विरत राहिल्या. 30 जुलै 2024 च्या पहाटे वायनाडमध्ये दरडी कोसळून शेकडो माणसे गेली. तिथला वैत्तिरी तालुका गाडगीळ समितीने सर्वाधिक संवेदनशील श्रेणीत घातला होता. दुसऱ्याच दिवशी, 31 जुलैला, केंद्राने सहावा मसुदा काढला.

अहवाल दडवण्यापेक्षाही एक धोकादायक गोष्ट आहे: आकडाच न देणे. महाराष्ट्राच्या 2011-12 च्या आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून असे दिसले की दहा वर्षांत सिंचनावर सुमारे 70 हजार कोटी रुपये खर्चूनही ओलिताखालच्या क्षेत्राचे प्रमाण जेमतेम 0.1 टक्क्याने वाढले. राज्याचे राजकारण हादरले, श्वेतपत्रिका निघाली, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. निर्माण झालेली सिंचनक्षमता आणि प्रत्यक्ष भिजलेले शेत यांतला फरक त्या निमित्ताने सर्वसामान्य वाचकाला पहिल्यांदा समजला. पुढच्या अनेक वर्षांच्या पाहणीत मात्र त्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ असे छापून येत राहिले. जनगणनेचेही तसेच. 2021 ची गणना झालीच नाही, आणि अन्नसुरक्षा कायद्याखाली किती लोकांना धान्य द्यायचे हे त्यानंतरही 2011 च्या लोकसंख्येवरच ठरत राहिले. मधल्या वर्षांत वाढलेली माणसे जेवतात, पण हिशेबात नाहीत. आकडा नसला की सरकारला प्रश्न विचारता येत नाही, विरोधकांना सुधारणा सुचवता येत नाही, आणि संशोधकाला अंदाजावर समाधान मानावे लागते.

या पुस्तकातले लेख वाचताना वाचकाने चार गोष्टी पाहाव्यात अशी माझी विनंती आहे. पाहणी कुणाच्या पैशाने झाली? उत्तर कुणी दिले? घरातल्या बाईने किती खाल्ले हे नवऱ्याला विचारून कळत नाही. पाहणी कोणत्या महिन्यात झाली? बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात जानेवारीत गेलात तर निम्म्या घरांना कुलपे दिसतील, कारण कोयते, म्हणजे मजूर जोडपी, ऊसतोडीला गेलेले असतात. तेव्हा मोजलेले गाव हे म्हाताऱ्यांचे आणि शाळकरी मुलांचे गाव असते. आणि चौथे, मोजमापाचा रकाना कुणी आखला, त्यात कुणाला जागाच ठेवलेली नाही? गडचिरोलीच्या 650 स्त्रियांचे दुखणे याच चौथ्या प्रश्नातून बाहेर आले.

सामाजिक, आर्थिक आणि पर्यावरणीय प्रश्न वेगवेगळ्या दालनांत ठेवण्याची विद्यापीठांची सवयही या वाचनात बाजूला ठेवावी लागते. 1972 च्याच दुष्काळाने विलासराव साळुंखे यांना पुरंदर तालुक्यातल्या नायगावात नेले आणि तिथून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचे, भूमिहीनालाही त्याचा हक्क द्यायचा आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, असे तिचे नियम होते. या एका नियमावलीत माणसांमधला न्याय आहे, शेतीचे अर्थकारण आहे आणि पाण्याची मर्यादाही आहे. गावात हे तिन्ही प्रश्न एकाच विहिरीवर भेटतात. अभ्यासानेही त्यांना एकत्रच भेटले पाहिजे.

आज महाराष्ट्रात अभ्यास करणाऱ्यांची उणीव नाही. विद्यापीठे, स्वयंसेवी संस्था, सरकारी यंत्रणा, परदेशी निधीवरचे प्रकल्प, सगळे पाहण्या करत आहेत. उणीव आहे ती त्या पाहण्या मराठीत लोकांपुढे ठेवण्याची. एखाद्या आदिवासी पाड्यावर एकामागून एक प्रश्नावल्या भरून नेल्या जातात आणि त्यांतल्या एकाही पाहणीचा निष्कर्ष त्या पाड्याला कधी कळत नाही, ही नेहमीची गोष्ट होऊन बसली आहे. ती बदलणे अवघड नाही. अनुवादाचा आणि गावबैठकीचा खर्च संशोधनाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरता येतो. विद्यापीठांना पदवीच्या अटींत मराठी सारांशाची अट घालता येते. सरकारला प्रत्येक समितीचा अहवाल सादर होताच राज्यभाषेत प्रसिद्ध करण्याचा नियम करता येतो.

तरुण संशोधकांना माझे सांगणे एवढेच आहे: ज्या गावात तुम्ही मोजायला जाल, तिथे निष्कर्ष घेऊन पुन्हा जा, ग्रामसभेत ते वाचून दाखवा, आणि लोकांनी दाखवलेली चूक अहवालात दुरुस्त केल्याशिवाय तो छापू नका. आणि वाचकांना विनंती अशी की तुमच्या गावाविषयी, वस्तीविषयी, नदीविषयी कुणी काही लिहिले असेल तर त्याची मराठी प्रत ग्रामपंचायतीकडे, नगरपालिकेकडे मागा. ती नसेल तर लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे.